दुखणं रेड्याचं

फार पूर्वी एका गावात पाणी यायचं ते रेड्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीतून. भर वैशाखात रेडा नदीवरून खेपा घालायचा, पण स्वतः थेंबभर प्यायचा नाही.

"अरे, पी की!" पखाल ओरडायची.

"तहान लागली की पिईन," रेडा म्हणायचा.

एका दुपारी तो रस्त्यातच कोसळला. वैदू आला, म्हणाला, "बाधा पखालीत आहे," आणि तापल्या सळईनं त्यानं तिलाच डाग दिला.

पखाल फणफणली, "दुखणं याचं आणि डाग मला! मेल्या, पाठीवर नदी घेऊन तहानेनं मरतोस?"

डागाच्या भोकातून तिनं रेड्याच्या तोंडात धार सोडली. तो घटाघटा प्यायला आणि उठून उभा राहिला.

मिशीला पीळ देत वैदू म्हणाला, "बघा, डाग लागू पडला!"