धाकलूची हाळी

सह्याद्रीतल्या एका उंच सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, धाकलू नावाचा गवळी राहत होता. त्याची गुरं अर्धी घरची, अर्धी रानची. त्यांनी गोठा पाहिला नव्हता की दावं पाहिलं नव्हतं. बारा महिने ती रानात चरायची, रानातच व्यायची. फक्त अमावस्येला धाकलू कातळावर मीठ पसरायचा आणि हाळी द्यायचा, "ह्योऽ होऽऽ!" लगेच झाडी हलू लागायची. सगळ्यांच्या पुढे पोवळी नावाची तांबूस गाय असायची. ती मिठाआधी धाकलूचा हात चाटायची.

शेजारचे गवळी म्हणत, "धाकलूदादा, तू हाळी दिलीस तर मेलेलं गुरूही उठून येईल!" धाकलू वरवर हसायचा. आतून फुलायचा.

एका वर्षी पाऊस सरला आणि पोवळीच्या बरगड्या दिसू लागल्या. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबू लागली. इतर गुरंही वाळत चालली. तेव्हा खालच्या गावातून गुरांच्या डॉक्टरीणबाई डोंगर चढून आल्या. त्यांनी पाणथळीतल्या बारीक गोगलगायी ओंजळीत घेऊन दाखवल्या.

"दादा, यांच्यातून जंत बाहेर पडतात आणि काठच्या गवताला चिकटतात. गवताबरोबर ते पोटात जातात आणि गुरांचं यकृत पोखरतात. पाणथळीला कुंपण घाला, म्हणजे नवे जंत अडतील. पण आत शिरलेले औषधाशिवाय मरायचे नाहीत. तुम्ही हाळी द्या, आम्ही एकेकाला दाव्यानं धरून औषध पाजतो."

धाकलूचा चेहरा उतरला. "बाई, माझी हाळी आजवर खोटी बोलली नाही. मिठाला बोलावू आणि फासात धरू?"

"धरा. चार दिवस रागावतील."

"चार दिवस नाही, बाई. जन्मभर."

त्याची बायको भागी चुलीपुढून म्हणाली, "अवो, तुम्हाला गुरं हवीत का गुरांचं कौतुक?"

धाकलू कोयता उचलून बाहेर पडला. त्याने पाणथळीला काटेरी कुंपण घातलं, कारण त्यात कुणाचा रोष नव्हता. औषधाच्या बाटल्या मात्र आढ्याला टांगून ठेवल्या. अमावस्या आली. पोवळीने हात चाटला आणि त्याला दावं उचलवेना. "पुढच्या खेपेला," तो म्हणाला. पुढच्या खेपेलाही त्याने तेच म्हटलं, आणि मीठ मात्र दुप्पट पसरलं.

त्यानंतरच्या अमावस्येला हाळी दिली तेव्हा मोजकीच गुरं आली. पोवळी आली नाही.

ती त्याला ऐनाच्या झाडाखाली पडलेली सापडली. त्याने हलकेच हाळी दिली. तिचे कान उभे राहिले. ती पुढच्या गुडघ्यांवर उठली, कारण हाळी आली की उठायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. थरथरत ती तशीच थोडा वेळ राहिली आणि कोसळली. धाकलूने मिठाचा हात तिच्या तोंडाशी नेला. तिने जीभ बाहेर काढली. ती मिठापर्यंत पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकलूने स्वतः डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. कातळावर मीठ पसरलं आणि हाळी दिली. उरलेली गुरं भोळेपणाने आली. पहिलं दावं त्यानेच टाकलं. गुरं हंबरली, उधळली, एकाने त्याच्या मांडीत शिंग घातलं. डोळे फाडून ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने नजर वळवली नाही. प्रत्येकाच्या घशात औषध उतरलं, तेव्हा त्याने दावी सोडली. गुरं जी पळाली, ती मागे वळली नाहीत.

गुरं सावरली. अंगावर तुकतुकी आली. पण धाकलूच्या हाळीला त्यानंतर एकही आलं नाही. आता अमावस्येला तो मीठ पसरतो आणि गुपचूप जांभळीच्या आड जाऊन बसतो. बऱ्याच वेळाने गुरं बिचकत येतात, कातळ चाटतात.

एकदा भागीही त्याच्याजवळ येऊन बसली होती. कळपात पोवळीची कालवड होती, आईसारखीच तांबूस. धाकलूचा हात नकळत पुढे झाला. तेवढ्यात वारा फिरला. कालवडीला त्याचा वास आला आणि ती उड्या मारत झाडीत शिरली.

"पळाली बघा," भागी हळहळली.

"पळू दे," धाकलू डोळे पुसत म्हणाला. "पळण्याएवढी ताकद आहे तिच्यात."

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्या भल्यासाठी त्याचा राग ओढवून घ्यायचीही तयारी हवी, आणि ती वेळेवर हवी, कारण उशिरा आलेलं शहाणपण गेलेल्याला उठवत नाही.