लाल पेठेला गिलावा का नाही

पाटी वाचू नका. ती नगरपालिकेने परवा लावलीय, आणि तिच्यावर लिहिलंय, 'दानशूर नारोशेट यांनी उभारलेली ऐतिहासिक बाजारपेठ'. दानशूर म्हणे! लिहिणाऱ्याला जरा लाज वाटायला हवी होती. भिंत वाचा. जवळ या, हात लावून बघा. सावरघाटच्या या लाल पेठेची दर्शनी भिंत कमानींपासून छपरापर्यंत उघडी आहे, चुन्याचा एक थापा तिच्यावर नाही. विटेविटेच्या कडेला चार बोटांचे ठसे दिसतात ना? कच्ची वीट साच्यातून काढून उचलताना पडलेले. बोटं बारीक आहेत, बाईची. ती मैनाची, असं सांगतात. मैना म्हणजे ठकूबाई कुंभारणीची सून.

तेव्हा इथे पेठ नव्हती, नुसतं मैदान. बाजार भरायचा तो उन्हात. वाण्यांना कनाती होत्या, कापडवाल्यांना छपरं होती, आणि कुंभारणींना काय, तर डोक्यावरचा पदर. मडक्यांचा धंदा उन्हाळ्याचा, म्हणजे जेव्हा माणसाने सावलीत बसावं तेव्हाच त्यांनी उन्हात बसायचं. एका चैत्रात मैना मांडीवर पोर घेऊन बसली होती. पोराला अजून दात यायचे होते. ऊन लागलं. पलीकडे नारोशेटची कनात होती. ठकूबाई धावत गेली, घटकाभर लेकराला सावलीत टेकू द्या म्हणाली. गिऱ्हाईक आहे, मातीचे पाय आत नकोत, असं तिला सांगण्यात आलं. पोर तिथेच मैदानात गेलं. गाडग्यामडक्यांच्या मधोमध.

ठकूबाई रडली नाही म्हणतात. तिने दातओठ खाल्ले.

पुढच्या हिवाळ्यात नारोशेटला पक्की पेठ बांधायची हुक्की आली. भट्ट्या कुंभारवाड्यात, मातीची पारख कुंभारांना, आणि कुंभारवाड्यात शब्द चालायचा तो ठकूबाईचा. शेट स्वतः तिच्या अंगणात आला. ती म्हणाली, "विटा भाजून देते. पण दारातला पहिला गाळा, दिवसभर सावलीत राहतो तो, कुंभारणींचा. माझ्यामागे मैनाचा, तिच्यामागे जी कोण मडकी घेऊन येईल तिचा. आहे कबूल?"

शेट कबूल झाला. नुसता तोंडाने नाही, देवळात जाऊन बेलभंडारा उचलला. शेजारी त्याची बायको उभी होती, सखूबाई नाव तिचं. गावानेही पाहिलं.

मग सगळा कुंभारवाडा चिखलात उतरला. मैना सर्वांत पुढे. बाकीच्या बायका हात धुवून भाकरीला बसायच्या, ही थापतच असायची. सासू ओरडायची, "अगं, दोन घास खा, अंगात काय राहिलंय तुझ्या?" ती म्हणायची, "आत्याबाई, सावली लवकर व्हायला पाहिजे." आता ज्याचं लेकरू गेलं त्याला सावली काय करायची, असं तुम्ही म्हणाल. तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पेठ उभी राहिली. अखितीचा मुहूर्त धरला, साडेतीन मुहूर्तांतला. आणि मुहूर्त तोंडावर आल्यावर नारोशेटने पहिला गाळा एका अत्तरवाल्याला देऊन टाकला! ठकूबाई जाब विचारायला गेली तर म्हणतो कसा, "दारातच मडकी मांडली तर पेठेची शोभा जाईल. मागच्या बाजूला उकिरड्याजवळ बसा की." एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ. भिंतीवरची बोटं त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली. चुन्याचा गिलावा करून सगळं पांढरं करा, म्हणून गवंड्यांना हुकूम सोडला. गाळा घेतलाच, वर हातही पुसायला निघाला!

ठकूबाई भर चौकात उभी राहिली. "ज्या भिंतीत माझ्या सुनेचे हात आहेत, तिच्यावर तुझा चुना चढणार नाही," म्हणाली. आणि डोक्यावरचा पाण्याचा घडा तिने शेटच्या पायाशी आपटून फोडला.

बाईचा शाप, हसण्यावारी नेला शेटने. पण गावातल्या बायकांनी नाही नेला. गिलाव्याआधी भिंत पाण्याने न्हाऊ घालावी लागते, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. नदी आटलेली, पाणी होतं ते आडांना. गवंडी पहिल्या आडावर गेले, तिथल्या बायकांनी पोहरा काढून ठेवला. दुसऱ्या आडावर दोर नाही. तिसऱ्यावर तर बायकांनी त्यांना पळता भुई थोडी केली. शेवटी शेट चिडून म्हणाला, माझ्या वाड्यातल्या आडाचं आणा. तर आडाच्या काठावर सखूबाई बसलेली! "भंडारा उचललात तेव्हा मी शेजारी होते," ती म्हणाली. "माझ्या आडाचं पाणी खोट्या कामाला मिळणार नाही." शेटला भरल्या घरात तोंड लपवायला जागा उरली नाही.

तरी हेका सुटला का? छे! चुना कालवण्यापुरतं पाणी कुठून तरी मिळवलं आणि तापलेल्या कोरड्या भिंतीवर गिलावा मारला. अखितीला सनई सुरू झाली. ठकूबाई मैनाला हाताला धरून आली, मैनाने भिंतीला तळवा टेकवला, आणि वरपासून खालपर्यंत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून पडला, असं सांगतात. गवंडी सांगतात, तहानलेली भिंत चुना धरत नाही. तुम्हाला पटेल ते घ्या. पाहुण्यांच्या पगड्या पांढऱ्या झाल्या आणि मैनाची बोटं भर बाजारात उघडी पडली, याबद्दल मात्र दुमत नाही.

नारोशेटने पगडी काढली. गाळ्याची किल्ली पुढे केली, हात जोडले, माफी मागितली. आणि नगरपालिकेने पाटीखाली एक पत्रक ठेवलंय, त्यात छापलंय की, ठकूबाईने मोठ्या मनाने माफ केलं. साफ खोटं! असल्या गोड थापांनीच या गावाची वाट लावलीय. तिने किल्ली घेऊन मैनाच्या हातात दिली आणि शेटला म्हणाली, "सावली घेतली. माफी नाही. माझा नातू गेला तिथे उभा राहा. उघड्या डोक्याने. आमचं शेवटचं मडकं खपेपर्यंत."

तो उभा राहिला. दुसरं करणार काय? समोर सखूबाई होती, सगळं गाव होतं. आणि बायकांनी त्या दिवशी काय केलं ठाऊक आहे? घाई केलीच नाही. पितरांच्या नावाने पाणी द्यायला अखितीला घरोघरी नवं मडकं लागतं, ते प्रत्येकीने हातात घेऊन चारी अंगांनी वाजवलं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. दिवस कलला तरी मांडणीत मडकी होतीच. शेटचे पाय भाजत होते, आणि मैना वर्षानंतर पहिल्यांदा सावलीत बसून भाकर खात होती.

आजही पहिल्या गाळ्यात कुंभारणी बसतात आणि भिंतीला चुना लावायचं कुणी नाव काढत नाही. आजही अखितीला शेटांच्या घरातला कर्ता पुरुष गाळ्यासमोर उन्हात उभा असतो, शेवटचं मडकं जाईपर्यंत. यंदा त्यांच्या पणतवाने छत्री आणली होती. बायकांनी ती मिटायला लावली, आणि मग सावकाश मडकी वाजवायला बसल्या.