पाडसाचा होकार

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरात दृढबाहू नावाचा राजा अश्मक देशावर राज्य करीत होता, त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. राजा शूर होता, दिलदार होता, आणि आपण दिलदार आहोत हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याची राणी गेली तेव्हा लेक उत्पला नुकती रांगायला लागली होती. तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते सामादाईनं. बापानं काय केलं? बापानं भेटी दिल्या.

दर कार्तिकात कौमुदीचा उत्सव यायचा. घाटावर दिवे लागायचे, घराघरांत गोडधोड व्हायचं, आणि त्या संध्याकाळी भर सभेत राजा लेकीच्या हाती एखादा जिवंत जीव ठेवायचा. एका वर्षी मैना दिली, मग ससा, मग मोराचं पिल्लू. पोर टाळ्या पिटायची, सभा माना डोलवायची, राजाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. दुसऱ्या दिवसापासून तो आपला राज्यकारभाराला मोकळा.

राजानं केलं की नगर करतं. श्रेष्ठी, सेनापती, सावकार, सगळ्यांना हौस सुटली. कुणी जावयाला माकडाचं पिल्लू दिलं, कुणी नातवाला हरणाचं पाडस. गळ्यात लाल दोरा बांधायचा आणि द्यायचं. हौस ती एका संध्याकाळची. सण सरला की पाडसानं फुलझाडं खाल्ली, माकडानं सासूला ओचकारलं, कुणाच्या घरी जागा नाही, कुणाला सवड नाही. मग ते जीव लाल दोऱ्यासकट गावकुसाबाहेर दिसायचे. जिवंत असले तर! अमात्य सकाळी नदीवर जात ते त्याच वाटेनं. किती गळ्यांतले दोरे त्यांनी स्वतः सोडवले होते. राजाच्या कानावरही त्यांनी हे घातलं होतं. राजा म्हणाला, "अमात्य, सणासुदीला रडगाणं नको."

उत्पलाला आठवं वर्ष लागलं त्या कौमुदीला चितळाचं पाडस आलं. पाठीवर चांदण्यांसारखे ठिपके, आणि सभेच्या गुळगुळीत फरशीवर चारी पाय चार दिशांना घसरत होते. सभा हसली. उत्पलानं टाळ्या वाजवल्या नाहीत. ते राजाच्या ध्यानात आलं नाही. त्यानं सोन्याची झारी उचलली. त्या देशी रीतच होती: देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातावर पाणी सोडलं की दान पुरं झालं. मग देणाऱ्याचा त्या वस्तूशी काही संबंध उरत नाही.

पाण्याची धार सुटणार, एवढ्यात अमात्यांनी मध्ये हात घातला. पाणी फरशीवर सांडलं.

"अमात्य, हात काढा."

"काढतो, महाराज. एक शंका आहे. दानाला होकार लागतो ना?"

"लागतो. ही काय, हात पुढे करून उभी आहे."

"हिचा होकार झाला. पाडसाचा?"

सेनापती खो खो हसला. "वा! म्हणजे उद्या तांदूळ द्यायचे तर तांदळाला विचारायचं!"

"तांदूळ थरथरत नाहीत, सेनापती," अमात्य म्हणाले. मग राजाकडे वळले. "सोन्यानाण्याचं दान पाणी सोडलं की पुरं होतं. जिवाचं तसं होत नाही. त्या जिवानं देणाऱ्याच्या ओंजळीत आपणहून तोंड घातलं, की तो देण्याजोगा झाला. तोवर हे पाडस महाराजांचं. त्याचं दाणापाणी, दुखणंखुपणं महाराजांनीच बघायचं."

राजाचा चेहरा लाल झाला. रानातले घोडे वठणीवर आणलेला तो माणूस. "पाजून दाखवतो," तो म्हणाला. "पण ते प्यालं की अमात्यपदाची मुद्रा खाली ठेवायची आणि नगर सोडायचं. राजाचा हात भर सभेत अडवणारा माणूस मला नको."

"मान्य," अमात्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा पाडसाला ठेवलं होतं त्या बागेतल्या कुंपणात शिरला. बरोबर शेळीचं दूध होतं, मध होता, उत्सवातला केशरी भातही होता. तो आत आला तसं पाडस सुसाट सुटलं आणि कुंपणावर जाऊन आदळलं. राजा म्हणाला, "ये." मग दरडावून म्हणाला, "इकडे ये!"

कुंपणापलीकडे अमात्य उभे होते. "महाराज, ते आपली प्रजा नाही. हुकूम पोचायचा नाही त्याला."

"मग काय करू? पाया पडू?"

"नुसतं बसा. उभा माणूस म्हणजे त्याला वाघच. मध आणि भात बाहेर पाठवा, त्यानं पोट बिघडेल. नुसतं दूध ठेवा."

ज्याच्या यशानं आपल्याला देशोधडीला लागायचं आहे, त्यालाच हा माणूस युक्ती सांगत होता. राजाला त्याचं नवल वाटलं, पण तो बसला. ओंजळीत दूध घेऊन बसला. निरोप्ये आले, परराज्याचा दूत येऊन ताटकळला. राजाच्या पायांना मुंग्या आल्या, पाठ मोडून आली. त्याला उमगलं, की आजवर आपण कुणासाठी असे बसलोच नव्हतो. पाडस काही पुढे येईना. दुपार कलली तसं त्यानं मान खाली टाकली. बरगड्या भराभर हलत होत्या. लढाईत कधी भ्याला नव्हता, तो राजा आता घाबरला. हे मरेल. माझ्यापुढे, माझ्या हातात दूध असताना मरेल.

तेवढ्यात सामादाईचा हात धरून उत्पला आली आणि दारातच थांबली.

"ये गं," राजा हळूच म्हणाला. "याचं नाव काय ठेवलंस?"

"नाही ठेवलं."

"का बरं?"

"नाव ठेवलं की मरतात."

राजानं मान वर केली. सामादाई पुटपुटली, "अगं, बापाशी असं बोलतात का?"

"खरं तेच बोलतेय मी. मैना होती ना चंपा, तिचे पंख कापलेले होते. तिला ते माहीत नव्हतं, ती विहिरीवरून उडायला गेली. सशाला मी लाडू द्यायचे. सगळे लाडू दिले मी त्याला. मग तो पलंगाखाली जाऊन बसला, तो आलाच नाही. आणि मोर थंडीनं."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

राजानं दाईकडे पाहिलं. सामादाई काही भिणारी बाई नव्हती. राजालाही तिनंच लहानपणी कडेवर खेळवलं होतं. "माझ्याकडे काय बघता, महाराज? पोर उशीत तोंड खुपसून रडायची. मी म्हटलं, चल, बाबांना सांगू. तर मला म्हणाली, नको दाई, त्यांना कळलं तर ते लगेच दुसरं आणतील."

दूध बोटांच्या फटींतून गळत होतं, ते राजाला कळेना. आपण लेकीला आनंद दिला, असं तो दर कौमुदीला समजत आला होता. आपण तिला दर वर्षी एक मरण दिलं होतं, आणि ते तिनं एकटीनं, बापाला त्रास नको म्हणून, दाईच्या पदराआड पुरलं होतं.

उत्पला आत आली. बापाला चिकटून नाही, जरा अंतर ठेवून बसली. त्याची ओंजळ रिकामी झालेली बघून तिनं वाटीतलं दूध तिच्यात ओतलं. राजाच्या मनात आता पाडसाला पाजून दाखवायचं नव्हतं, अमात्यांना जिंकायचं नव्हतं. ते जगावं, एवढंच होतं.

ऊन झाडांच्या बुंध्यांवर उतरलं, तेव्हा पाडस उठलं. धडपडलं, पुन्हा उठलं. मान लांब करून, पाय मागेच ठेवून, नाक पुढे आणलं. मग राजाच्या हाताला काहीतरी ऊन, ओलं, खरखरीत लागलं. मोठमोठे मांडलिक त्याच्यापुढे वाकले होते, पण असा काटा त्याच्या अंगावर कधी उभा राहिला नव्हता. तो श्वास रोखून बसला. पाडस ओंजळभर दूध प्यालं. उत्पलानं आणखी ओतलं, तेही प्यालं.

अमात्य आत आले. त्यांनी झारी राजाजवळ ठेवली आणि शेजारी आपली मुद्रा ठेवली. "होकार मिळाला, महाराज. मी निघतो."

"उचला ती," राजा म्हणाला. "तुम्ही गेलात तर पुढच्या वेळी माझा हात कोण अडवणार?"

मग त्यानं झारी घेतली. "हात कर, पोरी. आता हे खरोखर तुझं."

उत्पलानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"याला आई आहे?"

राजानं अमात्यांकडे पाहिलं. अमात्य म्हणाले, "आहे. व्याध सांगतो, जिथून याला उचललं तिथं ती अजून येऊन उभी राहते. तिथं जाळं लावायचं नाही, असं मी त्याला बजावलं आहे."

"मला आई नाही, तरी तुम्ही मला कुणाला देऊन टाकलंत का?" उत्पला म्हणाली. "याला तर आई आहे, बाबा."

तिचे डोळे भरले होते, पण हात पुढे आले नाहीत. राजानं झारी खाली ठेवली.

त्यानं रथ जोडायला सांगितला, मात्र पाडस कुणाच्या हाती दिलं नाही. रानाच्या कडेपर्यंत ते त्याच्याच मांडीवर होतं. पुढे तो उतरून पायी गेला, उत्पला त्याच्या मागून गेली. गवताशी त्यानं पाडस खाली ठेवलं. झाडीत खूर आपटल्याचा आवाज झाला. पाडसाचे कान ताठ झाले. त्यानं झाडीकडे पाहिलं, मग मागे वळून राजाकडे पाहिलं, आणि दुधाच्या वासानं त्याच्याच हाताकडे यायला निघालं.

त्या क्षणी राजाला केवढा मोह झाला! नुसता हात पुढे करायचा, की ते आपलं. सबंध अश्मक देशात कुणाकडे नसेल असं, आपण होऊन आलेलं. त्यानं खाली वाकून दोन्ही तळवे ओल्या मातीत खसाखसा चोळले. दुधाचा वास मोडला. मग त्यानं पाठ फिरवली आणि लेकीला घेऊन चालू लागला. मागे झाडीतून एक हाक आली. बारीक आवाजात तिला उत्तर गेलं. गवत सळसळलं आणि शांत झालं. राजानं वळून पाहिलं नाही. उत्पलानं त्याचा मातीनं भरलेला हात धरला, तो तिनं नगर येईस्तोवर सोडला नाही.

पुढच्या कौमुदीआधी नगरात दवंडी फिरली: ज्याला जिवंत भेट द्यायची असेल त्यानं तो जीव आधी स्वतःच्या ओंजळीतून पाजावा, मग खुशाल द्यावा. बंदी कशालाच नव्हती. पण सणाच्या धांदलीत एवढं बसायला सवड कुणाला? लाल दोरे विकणाऱ्यांनी त्या वर्षी फुलं विकली. जी थोडी माणसं खरंच बसली, त्यांना तो जीव मग देववेना; त्यांच्या घरची कुत्रीमांजरं त्यांच्याच ओसरीवर म्हातारी झाली.

बोधिसत्त्व पुढे बुद्ध झाले, लोकांचे शास्ते म्हणजे गुरू झाले, तेव्हा त्यांनी ही कथा सांगितली ती एका गृहस्थाला. त्यानं उत्सवात लेकीला हौसेनं कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं होतं. सण संपला, पिल्लानं घरात घाण केली, तसं त्यानं ते विहाराच्या पायरीशी सोडलं, आणि वर आपण संघाला दान केलं म्हणून पुण्य विचारायला येऊन बसला. कथा संपेपर्यंत त्याची मान खाली गेली होती. शास्ता म्हणाले, "तेव्हाचा दृढबाहू राजा तो तूच. उत्पला ती तुझी लेक, आत्ता घरी रुसून जेवायची थांबलेली. सामादाई म्हणजे पायरीवरून पिल्लाला उचलून कुशीत घेऊन आलेली ही वृद्ध भिक्षुणी. पाडस ते हे पिल्लू. आणि अमात्य होतो तो मी. त्या जन्मी मी मैत्री पारमिता, म्हणजे जिवमात्रावरची पुरेपूर माया, जोपासली. दान देऊन माणूस मोकळा होतो. मैत्रीत मोकळं होता येत नाही."

गृहस्थानं वंदन केलं. पुण्याचं काही विचारलं नाही. भिक्षुणीच्या कुशीतून पिल्लू घेतलं, उत्तरीयात गुंडाळलं, आणि लेक जेवायची खोळंबली होती म्हणून झपाझप घराकडे निघाला.