सात गाईंच्या घंटा

वेळगडच्या महाराजांनी नवा धंदा काढला. जो पैसे मोजेल त्याला संस्थानातला वाघ मारू द्यायचा. पहिला परदेशी पाहुणा आला, तेव्हा माग दाखवायला त्यांनी भिवराबाई गवळणीला बोलावलं. टेकडीवरचं रान तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"माग दाखवते, सरकार," ती म्हणाली. "पण वाघ कुणाचा, तेवढं सांगा."

महाराज हसले. "रान माझं, म्हणजे वाघही माझाच. म्हणून तर विकतोय."

भिवराबाईने सोबत आणलेलं गाठोडं सोडलं आणि गाईंच्या गळ्यातल्या सात घंटा महाराजांपुढे मांडल्या. "या सात गाई वाघाने खाल्ल्या. दर वेळी मी भरपाई मागायला आले आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, वाघ रानाचा, त्याला मालक नाही. आज मालक सापडला, बरं झालं. बाकीच्या गावांची माणसंही बाहेर थांबलीत."

दाराबाहेर पुष्कळ घंटा वाजल्या. महाराजांशेजारी बसलेले दिवाणजी भरपाईचा आकडा मांडू लागले.

"वाघ रानाचाच," महाराज शेवटी म्हणाले.

"मग तुमचा नाही तो विकता कसा?"

पाहुण्याचे पैसे त्याच दिवशी परत गेले. भिवराबाई घंटा गोळा करू लागली, तेव्हा महाराज चिडून म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाई गेल्या त्या गेल्याच."

"ते मी आणि वाघ बघून घेऊ, सरकार. तो निदान भूक लागली म्हणून मारतो."