सुलतानानं टाकून दिलेल्या सात नळ्या

“सखोबा आचाऱ्याचं चंबूगबाळं शनिवारी गावाबाहेर! महाराजांनी स्वतः…” एवढं बोलून धोबीण थांबली, कारण तिनं मला पाहिलं. मग घाटावर धुणं असं आपटायला लागली, जणू तिला तोंडच नाही.

सखोबा माझा शेजारी. भिंतीला भिंत. त्याच्या चुलीवर काय चढलंय ते मला वासावरून कळतं, आणि तो गाव सोडून चाललाय हे धोबिणीकडून कळावं, तेही अर्धं? मी ओलं धुणं तसंच टोपलीत टाकलं नि थेट त्याच्या ओट्यावर गेले.

सखोबा डोकं धरून बसला होता. हुंबरगडच्या महाराजांना तीस वर्षं मटण रांधून घालणारा माणूस, तोंडावर माशी बसली तरी हलेना. शेजारी त्याची लेक अनसा शांतपणे शेवग्याच्या शेंगा निवडत होती.

“या मावशी. धोबीण किती बोलली?” अनसानं विचारलं.

“निम्मं.”

“मग उरलेलं ऐका.”

झालं होतं असं. महाराजांच्या पायाचा अंगठा सुजला. राणीसाहेबांनी त्यांना देवीपुढे शपथ घ्यायला लावली, सव्वा महिना मांसाला शिवणार नाही. अंगठा चार दिवसांत उतरला, शपथ काही उतरेना. पण महाराज धर्माचे पक्के. त्यांनी मटण खाल्लं नाही, फक्त मुदपाकखान्यातल्या माणसांचा जीव खाल्ला. तो शाकाहारातच धरत असावेत.

शेवटी सखोबानं युक्ती केली. सुरणाचे तुकडे मसाल्यात घोळवून, काही न सांगता वाढले. महाराजांचा घसा असा खाजला की दोन दिवस दरबारात नुसत्या खाणाखुणा चालल्या होत्या. आवाज फुटला तो हुकूम घेऊनच.

“शुक्रवारी मला मटणाचं जेवण हवं, त्यात मटण नको. नुसती भाजी वाटली, तर हुकूम मोडलास म्हणून गावाबाहेर. आणि पुन्हा फसवून खाऊ घातलंस, तर फसवलंस म्हणून गावाबाहेर.”

“म्हणजे फसले तरी हाकलणार आणि नाही फसले तरी हाकलणार,” मी म्हटलं. “न्यायी माणूस. कुठली चूक करायची ते तुझं तुला निवडू दिलंय.”

“मावशी, चेष्टा सुचते तुम्हाला,” सखोबा कण्हला. “या वयात दुसऱ्या गावात कोण मला पळी हातात देणार?”

“आबा, शुक्रवारी मी रांधते,” अनसा म्हणाली. “मावशी, वाटण वाटायला याल?”

बोलावलं नसतं तरी गेले असते.

शुक्रवारी वाड्याच्या मुदपाकखान्यात अनसानं विळीला तेल लावून कोवळा फणस चिरला. तुकडे हळदमिठात वाफवून लोखंडी कढईत तांबूस परतले. धागा न् धागा सुटा, अगदी मटणासारखा. सुकं खोबरं विस्तवावर काळपट भाजलं, कांदे निखाऱ्यात घातले. मी वाटून वाटून खांद्यातून निखळले. अख्ख्या मसुराचा खिम्यासारखा सुका प्रकार केला. लालभडक रश्शात शेवग्याच्या शेंगा सोडल्या, बरोबर मटणातल्या नळीच्या हाडाएवढे तुकडे करून.

महाराज पाटावर बसले. डावीकडे त्यांचा कुत्रा, सुलतान. महाराजांनी नळी चोखायची आणि डावीकडे टाकायची, सुलतानानं वरच्यावर झेलायची, हा तिथला रिवाज. तीस वर्षांत सुलतान तीन झाले, रिवाज तोच.

“महाराज, आधीच सांगते,” अनसा वाढता वाढता म्हणाली. “हा फणस. ही शेवग्याची शेंग. हा मसूर. मांसाचा कण नाही.”

महाराजांचा घास हातातच राहिला. “सांगूनच टाकलंस? आता हे मला मटण कसं वाटणार? सखोबा, गाडी जुंपायला सांग.”

“जेवल्यावर जुंपू की. उपाशीपोटी कशाला कुणाला हाकलता?”

महाराजांनी पहिली भाकरी उपकार केल्यासारखी खाल्ली. दुसरीला बोलणं बंद झालं. तिसरीला कपाळावर घाम आला, नाक लाल झालं, आणि रश्शाची वाटी सरळ तोंडाला लागली. सखोबा खांबाला धरून उभा होता. खांब नसता तर पडलाच असता.

पाचव्या भाकरीनंतर महाराजांनी मोठी ढेकर दिली. “भाजी बरी होती. पण भाजी ती भाजी. क्षणभरसुद्धा मटण वाटलं नाही. शनिवारी निघा.”

“निघतो,” अनसा म्हणाली. “तेवढं सुलतानाला काय टाकलंत, ते सांगा.”

महाराजांनी डावीकडे पाहिलं. फरशीवर चोखलेल्या शेंगा पडल्या होत्या. एक नाही, सात. सुलतानानं पहिली झेलली होती, हुंगली होती, आणि तेव्हापासून तो मालकाकडे पाठ करून बसला होता.

“महाराज, तुमच्या तोंडाशी मी खरं बोलले,” अनसा म्हणाली. “त्यामुळे तोंड फसलं नाही, शपथही शाबूत. पण हाताला सात वेळा नळी वाटली, म्हणजे हुकूम पाळला गेला. आता हाताला कुणी फसवलं ते तुम्हीच त्याला विचारा. मी त्याच्याशी एक शब्दही बोललेले नाही.”

मी पदर तोंडात कोंबला. पडद्याआड राणीसाहेबांना तेवढंही जमलं नाही, त्या खुदकन हसल्या. महाराजांनी हाताकडे पाहिलं, शेंगांकडे पाहिलं, सुलतानाच्या पाठीकडे पाहिलं. आणि असे हसले, असे हसले, की ठसका लागून पाणी मागवावं लागलं.

“या वाड्यात शहाणा एकटा सुलतान!” डोळे पुसत ते म्हणाले. “पोरी, नदीपलीकडची आमची फणसांची बाग तुझ्या आबाची. तिथलं घरही तुमचं. सखोबा, गाडी जुंपायला सांग.”

शनिवारी सखोबाचं चंबूगबाळं गावाबाहेर गेलंच, पण संस्थानच्या बैलगाडीतून. महाराजांनी स्वतः वेशीपर्यंत येऊन निरोप दिला, आणि पुढच्या शुक्रवारी काय रांधणार ते दोनदा विचारलं. म्हणजे धोबीण निम्मी खरी होती.

आता भिंतीपलीकडे कोण राहायला येतंय, ते विचारायला घाटावर चाललेय. आज धुणं नाही, पण न्यायला दोन लुगडी ओली केलीत.