पानाखालची ओल

एका डोंगराच्या पोटाशी लहानशी वाडी होती. उन्हाळ्यात तिथला धबधबा आटे, पण बाजूच्या काळ्या कातळावरून पाणी झिरपत राही, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. त्या ओलीत तिळाएवढ्या अळ्या राहत. जोराच्या धारेत त्या वाहून जात, कोरड पडली तर सुकून जात. पुढे पंख फुटले की त्यांच्या माश्या होत.

वाडीतली एक म्हातारी कातळाच्या भेगेत पळसाचे पान खोची. पानावरून धार लागे. हंडा भरला की ती पान काढून घेई.

तिची सून वैतागे. "आत्याबाई, राहू द्या की पान! दुसरा हंडा आपोआप भरेल."

"मग खालच्यांनी काय प्यावं?"

"त्या अळ्यांनी? त्या काय आपल्या पाहुण्या आहेत?"

"पाहुणे आपण, पोरी. त्या आधीपासून इथं आहेत."

वैशाखात म्हातारीचे गुडघे धरले आणि पाणी सुनेकडे आले. घरची गाय नुकतीच व्यायली होती, पाणी पुरेना. एका सकाळी सुनेने पान तसेच ठेवून दुसरा हंडा लावला. चार पावले गेली आणि मागे वळून पाहिले. पानाखालचा कातळ सुकत चालला होता. उरलेल्या बोटभर ओलीत अळ्या एकमेकींवर चढत होत्या.

सुनेला राहवेना. "घ्या बायांनो, प्या," म्हणत तिने पान काढले. दुसरा हंडा रिकामाच घरी आला.

आठ दिवसांनी वरून दरड कोसळली आणि भेग बुजली. सकाळी पान लावले, तर थेंब नाही. बायका घागरी पालथ्या घालून बसल्या. घरी गाय कोरड्या जिभेने वासराला चाटत होती. सून कातळाला टेकून रडू लागली.

रडता रडता तिला दिसले, हातभर पलीकडे, वाळक्या शेवाळाच्या कडेला काहीतरी चमकत होते. अळ्या! ओळीने शेवाळाखाली शिरत होत्या.

"अगं, या आहेत म्हणजे ओल आहे!"

तिने शेवाळ हलकेच बाजूला केले. खाली नवा पाझर होता. पान लावताच थेंब आला, मग दुसरा, मग दोऱ्यासारखी धार. सगळ्या वाडीच्या घागरी भरल्या. शेवटी सुनेने पान काढले, शेवाळ होते तसे ठेवले आणि हात जोडले.

गाय घटाघटा पाणी पिऊ लागली तेव्हा म्हातारीने विचारले, "कुणी दाखवलं गं पाणी?"

सून म्हणाली, "त्या कातळाच्या धन्यांनी, आत्याबाई. आपण पाहुणेच."

तात्पर्य: आपल्या वाट्यातली बोटभर ओल दुसऱ्यासाठी सोडावी, तहानेच्या दिवशी तीच पाण्याची वाट दाखवते.