ललकाऱ्याचा एकच शब्द

एका राज्यात राजा होता, दरबार होता, आणि दरबारासमोरच्याच वेशीवर एक ललकारी होता. त्याचं नाव भैरोजी. वेशीतून जे जे आत येई, त्याच्यापुढे ‘सर्वांत’ लावून त्याने पुकारा करायचा, असा तिथला कायदा. सर्वांत गोड आंबे! सर्वांत शूर पाहुणे! सर्वांत थोर महाराज प्रतापकेतू! पुकाऱ्याशिवाय मीठसुद्धा आत येत नसे.

एके दिवशी कालिंदा नावाची जादूगारीण वेशीपाशी आली. तिच्या खांद्यावर एक कांबळं होतं.

“राजासाठी आणलंय. ऊब देतं,” ती म्हणाली.

“नुसतं ऊब देतं? असं चालत नाही, बाई.” भैरोजीने दरबाराकडे डोळा मारला आणि आरोळी ठोकली, “सर्वांत भिकार कांबळं!”

दरबार पोट धरधरून हसला.

कालिंदा हसली नाही. “ज्याला ज्याला ‘सर्वांत’ म्हणाल, त्याचा गुण माझ्या पेटीत येईल,” एवढंच बोलून, कांबळं तिथेच टाकून ती डोंगरात निघून गेली.

त्या दिवसापासून आंबे पाणचट झाले. दिवे धुरकटले. तलवारींना लोणी कापेना. राजाने प्रधानाला विचारलं, प्रधानाने पंडितांना विचारलं, आणि सर्वानुमते उपाय ठरला: शब्द कमी पडतोय, दोनदा म्हणा!

मग भैरोजी तापाने पडला. वैद्याने रानातून काडेचिराईत आणवलं. वेशीवरच्या नव्या ललकाऱ्याने दोनदा पुकारा केला, “सर्वांत सर्वांत गुणकारी!” त्या काढ्याला ना चव राहिली, ना गुण. ताप चढत गेला.

भैरोजीची मुलगी शाल्मली. तिला वाट पाहणं ठाऊक नव्हतं.

“बाबांपाशी किती दिवस आहेत?” तिने वैद्याला विचारलं.

“नऊ.”

“पुरेत,” म्हणाली, आणि तडक डोंगरात कालिंदाला शोधायला निघाली.

तिसऱ्या दिवशी डोंगरात कालिंदा भेटली. मांडीवर पेटी, पेटीला कुलूप, कुलपाला किल्लीचं भोक नाही.

“ललकाऱ्याची पोर ना तू? तीन कामं करशील?”

“लवकर सांगा.”

“या डोंगरातली सर्वांत खोल विहीर शोध.”

शाल्मलीने दोर घेतला. दिवसभर फिरली, हात सोलून घेतले, परत आली. “सात विहिरी मापल्या. पाचवी बहात्तर हात निघाली. आठवी कुठे असेल तर मला ठाऊक नाही.”

कालिंदाने मान डोलावली. “आता सर्वांत बलवान कोण, ते पाहून ये.”

माळावर एक टिटवी पाय वर करून उताणी पडली होती.

“मी! मीच बलवान!” टिटवी ओरडली. “हे आभाळ कुणी तोललंय मग?”

“पाय खाली घे.”

“वेडी की काय? पडेल ना!”

“पडलं तर माझ्या डोक्यावर. घे खाली.”

टिटवीने एक पाय खाली घेतला. डोळे मिटून दुसरा घेतला. आभाळ जागच्या जागी होतं. टिटवीचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात खालून एक कोल्हा तिच्या अंड्यांकडे सरकला. टिटवी उठली आणि अशी किंचाळली, की कोल्हा शेपूट घालून पळाला.

“आभाळ तुझं नव्हे,” शाल्मली म्हणाली. “पण चार अंडी तू राखलीस. हे मी डोळ्यांनी पाहिलं.”

तिने परत येऊन कालिंदाला सांगितलं, “बलवान पुष्कळ असतील. मला एक भेटली. अंडी राखण्यापुरती बलवान आहे.”

कालिंदाने पेटी तिच्या हाती दिली. “तिसरं काम. राजापुढे राजाचं खरं माप सांग. पेटी उघडेल. मात्र त्यानंतर ‘सर्वांत’ हा शब्द ज्याला त्याला जन्मात एकदाच मिळेल. जपून वापरायला सांग.”

नवव्या दिवशी शाल्मली वेशीवर पोचली. नवा ललकारी तोंड उघडणार, इतक्यात तिच्या डोक्यावरून माळावरची ती टिटवी उडाली आणि किंचाळली. पुकारा त्यात बुडाला. पेटी पुकाऱ्यावाचून आत गेली.

“पुकारा का नाही झाला? कोण ही?” राजाने विचारलं.

“भैरोजी ललकाऱ्याची मुलगी. महाराज, तुम्ही बरे राजे आहात.”

राजा पुढे वाकला.

“नुसता बरा?”

“दुष्काळात कोठारं उघडलीत, ते चांगलं केलंत. नदीवरचा पूल तीन वर्षं अर्धा आहे, ते वाईट. आणि तो अर्धा आहे हे सांगायला तुमच्यापाशी एक माणूस नाही. तो दोष तुमचा.”

“जीभ छाटा हिची!” प्रधान गरजला.

राजाने हात वर केला. “पूल अर्धा आहे? मला तर सर्वांत भव्य म्हणून सांगितला होता.” तो प्रधानाकडे वळला. “कधी पाहिलात तुम्ही?”

प्रधान पायांकडे पाहू लागला.

“मुली,” राजा म्हणाला, “तू बोललीस ते खरं आहे.”

कुलूप गळून पडलं. पेटीतून वाऱ्याची झुळूक निघाली. तिला आंब्यांचा वास होता. दिवे लख्ख झाले. तलवारींना धार आली. शाल्मली मात्र घराकडे धावत सुटली होती.

भैरोजीला घरघर लागली होती. तिने काढा त्याच्या ओठांना लावला. एक घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्या घोटाला भैरोजीने डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि वेशीवरच्या त्या जुन्या आवाजात ओरडला,

“सर्वांत कडू!”

शाल्मली हसली आणि हसता हसता रडली. त्याच्या कपाळावर हात ठेवला, तर घाम फुटून ताप उतरत होता.

मग तिने बापाला कालिंदाची अट सांगितली. भैरोजीने काढ्याकडे पाहिलं.

“म्हणजे गेला माझा शब्द? काढ्यावर? तुझ्यासाठी ठेवला असता गं.”

“आयुष्यात पहिल्यांदा खरा वापरलात, बाबा. प्या उरलेला.”

पुढे पूल पुरा झाला. राजाने ते कांबळं शोधून आणवलं आणि हिवाळाभर पांघरलं. कुणी विचारलं तर सांगे, “ऊब देतं.”

कथा इथे थांबली. कशी होती, ते तुम्ही ठरवा. सांगणाऱ्याने आपला शब्द अजून राखून ठेवला आहे.